विश्लेषण : हार्ड डिस्क संगणकाला ‘दिसत’ नाही, तर फॉरमॅटचे बटण का दाबू नये?

लग्नाचे फोटो, मुलांच्या बोबड्या बोलांचे व्हिडीओ, सोसायटीचे दहा वर्षांचे हिशेब, डीटीपी केंद्रातल्या जुन्या पुस्तकांच्या फाइल असे बरेच काही आज तळहातावर मावणाऱ्या काळ्या डबीत ठेवलेले असते. ही एक्स्टर्नल हार्ड डिस्क एके दिवशी संगणकाला जोडली जाते आणि पडद्यावर काहीच येत नाही. किंवा येतो तो एवढाच संदेश : डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करावी लागेल, करायची का? घरातले कोणी तरी ‘हो’ म्हणते आणि डिस्क लगेच सुरूही होते. पूर्ण रिकामी.

डिस्क ओळखली न जाण्याचे कारण बऱ्याचदा किरकोळ असते. कधी केबल, कधी अपुरी वीज, कधी नुसते एक अक्षर. त्यावर घाईने केलेला उपाय मात्र कायमचा ठरतो. म्हणून ‘डिस्क सुरू कशी करावी’ याआधी ‘आतल्या डेटाला धक्का न लावता तपासणी कशी करावी’ हे विचारायला हवे. संगणकाचे संदेश आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले सल्ले मात्र नेमका उलटा क्रम शिकवतात.

‘दिसत नाही’ म्हणजे नेमके काय?

वरून एकच वस्तू दिसत असली तरी त्या डबीत दोन गोष्टी असतात. एक प्रत्यक्ष हार्ड डिस्क, म्हणजे फिरणाऱ्या चकत्या आणि त्यांवरून सरकणारे हेड. दुसरी म्हणजे डिस्क आणि यूएसबी यांच्यात दुभाष्याचे काम करणारे छोटे सर्किट. त्याला ब्रिज म्हणतात. केबल जोडली की आधी या ब्रिजला वीज मिळते आणि तो संगणकाला स्वत:ची ओळख सांगतो. चकत्या ठरलेल्या वेगाने फिरू लागतात. मग संगणक डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेला विभागणीचा तक्ता वाचतो, त्यावरून फाइल सिस्टीम ओळखतो आणि शेवटी डिस्कला ई, एफ, जी असे एखादे अक्षर देतो. तेव्हा कुठे ‘धिस पीसी’मध्ये तिचे चित्र उमटते.

हे सगळे काही सेकंदांत घडते आणि वापरणाऱ्याला त्यातले काहीच कळत नाही. ते कळू नये, हाच यूएसबीचा उद्देश होता. त्याआधी प्रिंटरला एक पोर्ट, माउसला दुसरे, मोडेमला तिसरे आणि प्रत्येकाची सेटिंग निराळी, असा कारभार होता. १९९६ मध्ये यूएसबीचा पहिला आराखडा आला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, इंटेलमधील अभियंता अजय भट्ट यांचे नाव त्या कामाशी जोडले जाते. ‘जोडा आणि वापरा’ हे आश्वासन सुरुवातीला फारसे भरवशाचे नव्हते. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोतील प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक सुरू असताना यूएसबी स्कॅनर जोडला आणि संगणक निळा पडदा दाखवून बंद पडला, ती चित्रफीत आजही लोक हसत पाहतात. पुढे तंत्रज्ञान सुधारले. आश्वासन इतके खरे ठरले की ते मोडते तेव्हा कुठे बोट ठेवायचे, हेच लोकांना कळेनासे झाले.

साखळी कुठेही तुटली तरी घरच्या माणसाला दिसते ते एकच : डिस्क नाही. पण डिस्कला अक्षर न मिळणे आणि हेड चकतीवर घासणे यांत सर्दी आणि हृदयविकाराएवढे अंतर आहे. दोन्हींवर एकच गोळी देणारा डॉक्टर कोणी खपवून घेणार नाही. संगणकाच्या बाबतीत ती गोळी सर्रास दिली जाते.

पहिली तपासणी कानाने का करावी?

कारण ती फुकट आहे आणि तिने काहीच बिघडत नाही. डबी टेबलावर सपाट ठेवावी, केबल जोडावी आणि हलकेच बोट टेकवावे. बारीक, एकसारखी थरथर जाणवली आणि मंद घरघर ऐकू आली तर चकत्या फिरत आहेत, म्हणजे वीज पोहोचते आहे. काहीच आवाज नसेल, दिवाही लागत नसेल, तर संशय केबल, पोर्ट किंवा सर्किटवर घ्यावा. बारीक ‘टीं टीं’ असा आवाज आला तर मोटर फिरण्याचा प्रयत्न करते आहे, पण तिला पुरेशी वीज मिळत नाही किंवा ती आतून अडकली आहे.

सर्वांत वाईट आवाज म्हणजे ठरावीक अंतराने येणारी टकटक. हेडला चकतीवरच्या खुणा सापडत नाहीत, ते परत मागे येते, पुन्हा प्रयत्न करते. पोर्टेबल डिस्कच्या चकत्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेतात आणि हेड त्यांना न टेकता काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत असते. माणसाचा केस त्यापेक्षा हजारो पट जाड असतो. इतक्या बारीक अंतरात हेड वाकडे झाले असेल तर प्रत्येक फेऱ्यागणिक चकतीवरचा थर, म्हणजे पर्यायाने फोटो आणि फाइल, खरवडल्या जाऊ शकतात. टकटकणारी डिस्क ‘आणखी एकदा बघू’ म्हणून जोडत राहणे हे मोडलेल्या पायावर चालून पाहण्यासारखे आहे. तिथे घरगुती तपासणी संपते. केबल काढून डिस्क बाजूला ठेवणे हाच त्या वेळचा एकमेव उपाय.

डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर बाष्प जमते. पावसाळ्यात मुंबई-कोकणात काय होईल, हे वेगळे सांगायला नको. डबी आपटणे, झाकण उघडून हेड बोटाने सरकवणे हेही त्याच पंक्तीतले. एसएसडी असेल तर मात्र कान उपयोगाचा नाही. तिच्यात फिरणारे काहीच नसते.

केबल आणि विजेचा इतका संबंध असतो का?

असतो, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त वेळ घालवणे शहाणपणाचे आहे. लहान, अडीच इंची डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसतो. ती सगळी वीज यूएसबी पोर्टमधूनच घेते. प्रमाणानुसार यूएसबी २.० पोर्टने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात आणि यूएसबी ३.० ने ९००. थांबलेल्या चकत्या फिरवायला सुरुवात करताना काही डिस्कना क्षणभर १ अँपिअरच्या जवळपास लागतात. जुना संगणक, पुढच्या बाजूचे सैल पोर्ट, त्यात चार उपकरणे लावलेला स्वस्त हब आणि वर लांबलचक केबल असा संसार असेल, तर डिस्क दोन सेकंद फिरते, थांबते, पुन्हा फिरते. संगणक जोडल्याचा आणि काढल्याचा आवाज आलटून-पालटून देत राहतो. डिस्क बिघडल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती उपाशी असते.

म्हणून हब बाजूला काढावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचे, थेट मदरबोर्डवरचे पोर्ट वापरावे. पुढची पोर्ट आतून वेगळ्या वायरने आणलेली असतात आणि ती वायर अनेकदा सैल होते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून दुसऱ्या बाजूचे पोर्ट पाहावे. मग केबल बदलावी. पोर्टेबल डिस्कची ती रुंद, दोन भागांची पिन वर्षानुवर्षे बॅगेत वाकून सैल होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शेजाऱ्याकडे तशीच डिस्क असेल तर त्याची केबल पाच मिनिटांसाठी मागून आणावी. नवी घ्यायची तरी फार खर्च येत नाही. टाइप सी केबलच्या बाबतीत एक फसगत नेहमीची : मोबाइलबरोबरच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांतून वीज जाते, डेटा जात नाही. दिवा लागतो, डिस्क फिरते, संगणकाला मात्र पत्ता नसतो.

मोठ्या, साडेतीन इंची डिस्कची गोष्ट वेगळी. तिला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो. घरातल्या ड्रॉवरमध्ये राउटरचा, सेट टॉप बॉक्सचा, जुन्या मॉनिटरचा असे चार अ‍ॅडॉप्टर पडलेले असतात आणि सगळ्यांची पिन सारखीच दिसते. राउटरचा अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा असला तरी त्याचे अँपिअर कमी पडू शकतात. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावला तर डिस्कच्या सर्किटवरचा संरक्षक डायोड क्षणात जातो. त्यातही दिलासा एवढाच की तो डायोड जाण्यासाठीच बसवलेला असतो. जाणकार कारागीर तो काढून डिस्क सुरू करून देऊ शकतो. चकत्यांवरचा डेटा बहुधा जसाच्या तसा असतो. अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर डिस्कवरच्या आकड्यांशी ताडून पाहणे हे काम चष्मा लावून करावे, अंदाजाने करू नये.

इतके करूनही डिस्क दिसली नाही तर ती दुसऱ्या संगणकाला जोडावी. तिथे दिसली तर दोष डिस्कचा नाही. पहिल्या संगणकावर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून त्या डिस्कची नोंद अनइन्स्टॉल करावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. यात फक्त संगणकाच्या आठवणीतली नोंद जाते, डिस्कवरचे काही जात नाही. लॅपटॉप स्लीपमधून जागा झाल्यावरच डिस्क गायब होत असेल तर वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवण्याची सेटिंग बंद करून पाहावी.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये काय पाहायचे?

स्टार्ट बटणावर राइट क्लिक केले की ‘डिस्क मॅनेजमेंट’ हा पर्याय मिळतो. तिथे फक्त पाहायचे, काही दाबायचे नाही, एवढे पथ्य पाळले तर या खिडकीसारखा दुसरा डॉक्टर नाही.

खालच्या भागात डिस्क योग्य आकारासह दिसते, विभागावर ‘हेल्दी’ लिहिलेले आहे, पण अक्षर नाही, असे असेल तर सुटकेचा नि:श्वास टाकावा. कार्यालयातल्या नेटवर्क ड्राइव्हने किंवा कार्ड रीडरने तेच अक्षर आधी घेतले असेल, तर असे होऊ शकते. विभागावर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’मधून नवे अक्षर दिले की काम होते. एक टेराबाइटची डिस्क ९३१ जीबी दाखवते म्हणून घाबरायचे कारण नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक.

विभाग दिसतो, पण फाइल सिस्टीमच्या जागी ‘रॉ’ लिहिलेले असेल, तर डिस्क बोलते आहे, तिची अनुक्रमणिका मात्र वाचता येत नाही. ‘नॉट इनिशियलाइज्ड’ असे असेल तर विभागणीचा तक्ताच वाचता आलेला नाही. अशा वेळी विंडोज ‘एमबीआर की जीपीटी’ असे विचारणारी चौकट पुढे करते. दोन्ही पर्याय नवा तक्ता लिहितात, म्हणून ‘कॅन्सल’. आणि डिस्कचा आकारच दिसत नसेल किंवा तो भलताच दिसत असेल, तर ब्रिज जिवंत आहे, पण आतली डिस्क त्याला उत्तर देत नाही.

काही वेळा बिघाड कुठेच नसतो. लग्नाचे फोटो ज्या स्टुडिओने दिले तिथे मॅक असेल, तर डिस्क अ‍ॅपलच्या एपीएफएस किंवा एचएफएस प्लस पद्धतीची असू शकते आणि विंडोज ती स्वत:हून वाचत नाही. तीच डिस्क स्टुडिओच्या मॅकवर निमूट उघडते. याउलट विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरच्या फाइल मॅक दाखवतो, पण तिच्यावर लिहू देत नाही. कार्यालयातून आणलेली डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती नसेल तर कोणतेही दुकान, कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगाचे नाही. कुलूप तेवढ्यासाठीच असते.

फॉरमॅट सुचवण्यात संगणकाची चूक काय?

संगणकाच्या बाजूने आधी एवढे म्हणायला हवे की तो खोटे बोलत नाही. त्याला डिस्कवर ओळखीची फाइल सिस्टीम सापडत नाही. अशा डिस्कवर लिहायचे असेल तर फॉरमॅट लागतेच. कोरी करकरीत डिस्क जोडली असेल तर हा सल्ला योग्यही आहे. पुढच्या पायरीवर ‘सगळा डेटा पुसला जाईल’ असा इशाराही विंडोज देते.

चूक प्रश्नाच्या क्रमात आहे. ज्याची डिस्क काल चालत होती, त्याला ती वापरायची नाही, तिच्यातले परत हवे आहे. संदेश मात्र ‘वापरण्यासाठी’ काय करावे ते सांगतो आणि ते सांगताना अशा थाटात सांगतो की दुसरा मार्गच नाही. ‘ही डिस्क वाचता येत नाही, तिच्यावर माहिती असू शकते, माहिती हवी असल्यास काही करू नका’ एवढे तीन तुकडे लिहायला कोणाची हरकत असावी? अ‍ॅपलच्या मॅकवर तशाच प्रसंगी ‘जोडलेली डिस्क या संगणकाला वाचता आली नाही’ असे म्हटले जाते आणि ‘इजेक्ट’, ‘इग्नोर’ हे पर्यायही समोर ठेवले जातात. ‘या संगणकाला’ या दोन शब्दांनी बरेच काही वाचते. दोष कदाचित संगणकाचा असेल, हे त्यात मान्य केलेले आहे. अर्थात ‘इनिशियलाइज’चे बटण तिथेही आहेच.

फॉरमॅट केल्यावर नेमके काय जाते, हेही समजून घ्यायला हवे. फाइल सिस्टीम ही ग्रंथालयातल्या कार्डांच्या कपाटासारखी असते. ‘क्विक फॉरमॅट’ कपाट रिकामे करून नवे ठेवते. पुस्तके तूर्त फळीवर असतात. पण त्यानंतर डिस्कवर नवे काही कॉपी केले की ती जुन्या पुस्तकांच्या जागी बसतात. ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले तर विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळी डिस्क शून्यांनी भरली जाते. मग परत मिळण्यासारखे काही उरत नाही. एसएसडीमध्ये तर क्विक फॉरमॅटनंतरही ‘ट्रिम’ नावाच्या व्यवस्थेमुळे रिकाम्या जागा आतल्या आत साफ होऊ शकतात. म्हणून चुकून फॉरमॅट झालेच तर त्या क्षणी केबल काढावी. ‘चला, निदान डिस्क तरी सुरू झाली’ म्हणून तिच्यावर सिनेमे भरू नयेत.

टीव्हीला किंवा मोबाइलला जोडून पाहावी का?

हातात मोबाइल असतोच, त्यामुळे ओटीजी लावून पाहण्याचा मोह होतो. पण मोबाइलमधून मिळणारी वीज फिरत्या डिस्कला बऱ्याचदा पुरत नाही आणि अनेक अँड्रॉइड फोन एनटीएफएस वाचत नाहीत. म्हणजे मोबाइलवर डिस्क दिसली नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. धोका पुढे आहे. न ओळखलेल्या डिस्कबद्दल अँड्रॉइड सूचना देतो की ‘सेट अप’ करण्यासाठी टॅप करा. हा सेट अप म्हणजे फॉरमॅटच, फक्त सौम्य नावाने.

टीव्हीची तऱ्हा तीच. रेकॉर्डिंगची सोय असलेले काही टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स जोडलेली डिस्क स्वत:च्या पद्धतीने फॉरमॅट करून घेतात. रिमोटवरचे ‘ओके’ दाबण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की काय विचारले हे वाचण्याआधीच ते दाबले जाते. बिघडलेली वा रुसलेली डिस्क तपासण्याची ही जागा नाही. जिच्यात एकमेव प्रत आहे अशी चांगली डिस्कही तिथे नेऊ नये.

चेकडिस्क आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर कधी वापरावे?

‘सीएमडी उघडून चेकडिस्क चालवा’ हा दुसरा लोकप्रिय सल्ला. चेकडिस्क हे वाईट साधन नाही. पण त्याचे काम फाइल सिस्टीम सुसंगत करणे हे आहे, फाइल वाचवणे हे नाही. दुरुस्तीचा आदेश दिला की ते डिस्कवर लिहिते. ज्या नोंदी जुळत नाहीत त्या तोडते आणि अनाथ तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये निनावी टाकते. लोडशेडिंगमध्ये यूपीएसविना डेस्कटॉप बंद पडून बिघडलेल्या, पण यांत्रिकदृष्ट्या ठणठणीत डिस्कवर ते चांगले काम करते. जिचे भागच खराब होत आहेत अशा डिस्कवर तेच साधन तासन् तास वाचन-लेखन करून तिला शेवटाकडे नेते.

योग्य क्रम सरळ आहे : आधी जशीच्या तशी नक्कल, मग नकलेवर प्रयोग. तेवढीच किंवा मोठी दुसरी डिस्क घेऊन पहिलीतला प्रत्येक सेक्टर तिच्यावर उतरवायचा. लिनक्सवरचे मोफत ‘डीडीरेस्क्यू’ याच कामासाठी आहे. ते सोपे भाग आधी उचलते, अडलेले मागे ठेवते आणि कुठपर्यंत आले याची नोंद राखते, त्यामुळे मध्येच थांबले तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मग नकलेवर ‘टेस्टडिस्क’ हरवलेले विभाग शोधते. तिचे भावंड ‘फोटोरेक’ फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखून फोटो आणि दस्तावेज बाहेर काढते. नावे आणि फोल्डर मात्र मिळत नाहीत. हजारो फोटो आकड्यांच्या नावाने पुढ्यात येतात आणि ते लावायला पुढचे काही रविवार जातात. तरीही ते असतात. वाचवलेल्या फाइल त्याच डिस्कवर सेव्ह करणे ही या टप्प्यावरची नेहमीची चूक; एक वाचवताना दुसरी पुसली जाते.

ज्याला हे जमणार नाही त्याने न लाजता मदत घ्यावी. पण मदत म्हणजे नक्कल काढून देणारा माणूस. संगणक फॉरमॅट करून देणारा वेगळा.

दुरुस्तीला देताना आणि वॉरंटीत काय पाहावे?

दुकानात डिस्क टेकवताना पहिले वाक्य ‘डिस्क नाही चालली तरी चालेल, डेटा हवा आहे’ हे असायला हवे. बहुतेक कारागीर प्रामाणिक असतात. पण त्यांना ‘डिस्क चालू करून द्या’ असे सांगितले तर ते तेच करून देतील. नक्कल आधी काढणार का, झाकण उघडावे लागले तर धूळमुक्त कक्ष आहे का, डेटा मिळाला नाही तर किती पैसे आकारणार, हे आधीच कागदावर घ्यावे. हेड बदलण्यासारख्या कामाचा खर्च डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो. तो करायचा की नाही हे आत काय आहे यावर ठरते, आणि ते फक्त मालकालाच माहीत असते. डिस्कवर आधार, पॅन, बँकेची कागदपत्रे आणि घरातल्या बायका-मुलांचे फोटो असतात, हेही विसरता कामा नये.

‘डबी फोडून आतली डिस्क थेट जोडू’ हा पूर्वी हमखास उपाय होता. आता काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची पिन डिस्कच्या मुख्य सर्किटवरच जोडलेली असते. वेगळा ब्रिज नसतोच. काहींमध्ये ब्रिज डेटा सांकेतिक करून लिहितो, तर काहींमध्ये सेक्टरचा आकार बदलून दाखवतो. अशी डिस्क डबीबाहेर काढली की चांगला डेटाही ‘रॉ’ दिसतो. खोक्यावर यातले काहीही छापलेले नसते. वेग, क्षमता आणि रंग ठळक असतात. बिघडल्यास दुरुस्त होईल की नाही, हे नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. दुरुस्तीचा हक्क मान्य करायचा तर ही माहिती खरेदीपूर्वी मिळण्याचा आग्रह त्यातच यायला हवा.

वॉरंटीबद्दल गैरसमज मोठा आहे. ती डिस्कची असते, डेटाची नसते. कंपनी बदली डिस्क देते आणि जुनी ठेवून घेते. म्हणजे डेटा हवा असेल तर आधी तो काढणे भाग, आणि काढताना सील तुटले तर वॉरंटी जाऊ शकते. हा निर्णय सर्व्हिस सेंटरच्या खिडकीपाशी, पाठीमागे रांग असताना घेण्याचा नाही.

‘सेफली रिमूव्ह’ची गरज उरली आहे का?

विंडोज १० च्या २०१८ च्या ऑक्टोबर आवृत्तीपासून बाहेरील डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ ही मूळ सेटिंग झाली. त्यामुळे कॉपी संपल्यावर केबल ओढली तरी सहसा काही होत नाही. पण कॉपी संपली की नाही हे प्रत्येक वेळी कळतेच असे नाही. अँटिव्हायरस किंवा फोटोचे एखादे अ‍ॅप मागे काही लिहीत असू शकते. एक्सफॅट पद्धतीच्या डिस्कमध्ये, एनटीएफएसप्रमाणे बदलांची नोंदवही नसते, त्यामुळे अर्धवट राहिलेले लेखन तिला जास्त बाधते. मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालावी म्हणून अनेक डिस्क नेमक्या एक्सफॅटच असतात. तेव्हा ‘इजेक्ट’ करून, चकत्या थांबेपर्यंत दहा सेकंद वाट पाहून मगच डबी उचलावी. फिरत्या डिस्कला टेबलावरून लागलेला धक्का तिला फार महाग पडतो.

राहिला प्रश्न प्रतींचा. संगणकातून फाइल ‘कट’ करून एक्स्टर्नल डिस्कवर टाकल्या की त्याला घरोघरी बॅकअप म्हटले जाते. तो बॅकअप नसतो. एकच प्रत फक्त जागा बदलते, तीही संगणकापेक्षा जास्त वेळा हातातून पडणाऱ्या वस्तूत. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम घरालाही लागू पडतो : तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर असू शकते किंवा बहिणीच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर. क्लाउडची जागा अपुरी असेल तर सगळे सिनेमे नकोत. फोटो, कागदपत्रे आणि हिशेब एवढे आधी चढवावेत. बिटलॉकरची ४८ अंकी की त्याच डिस्कवर ठेवू नये, कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. आणि दिवाळीची साफसफाई निघते तेव्हा कपाटातली ती दुसरी डिस्क तासभर जोडून, चार जुन्या फाइल उघडून पाहाव्यात.